दोन वाजताचं बाराला

६ जानेवारी, सोमवार

आज वॉर्डात पत्रक लागलं. वर कन्नड, खाली इंग्रजी. मराठी अर्थातच नाही, त्यामुळं सगळ्यांना वाचून दाखवायला मी. कर्मचाऱ्यांची ‘फेरजुळणी’ झाली आहे म्हणे. म्हणजे काय, तर तीन कंत्राटी मुलींची मुदत वाढवली नाही. दोन आया गेल्या. वॉर्डचा क्लार्क गेला. आणि खाली दारात बसून मराठी पेशंटांना कन्नड फॉर्म समजावून सांगायची ती शोभाही गेली. अठ्ठावीस खाटांचा बायकांचा वॉर्ड. सकाळच्या पाळीला चौघी होतो, आता दोघी. मी आणि रेश्मा.

माणसं गेली, त्यांची कामं कुठं गेली नाहीत. ती इथंच आहेत. जेवणाची यादी, धुण्याच्या चादरी मोजणं, घरी गेलेल्या पेशंटांना फोन करून ‘सेवा कशी वाटली’ विचारणं. आणि शोभाचं काम? मेट्रन मॅडम गोड हसून म्हणाल्या, “कांबळे सिस्टर, तुम्ही निपाणीच्या. दोन्ही भाषा छान येतात तुम्हाला.”

एकवीस वर्षांत दोन्ही भाषा येतात म्हणून कुणी कधी चहा पाजला नाही. आज एकदम कौतुक. तेव्हाच कळलं, काहीतरी गळ्यात पडणार.

८ जानेवारी, बुधवार

ऑपरेशन थिएटरमधून फोन. “मराठी सिस्टरला पाठवा.” म्हणजे नाव गेलं. आता मी मराठी सिस्टर.

वर गेले. येळ्ळूरचे आजोबा, हर्निया. स्ट्रेचरवर आडवे, हिरवा झगा घातलेला, सही करायला तयार नाहीत. “ह्यात काय लिवलंय मला म्हाईत न्हाय. मराठीत लिवून द्या, मग सही.” मी तोंडी सांगितलं. “तोंडी नको बाय. लिवून.” डॉक्टर केरळचे, एकदा माझ्याकडं बघतात, एकदा घड्याळाकडं. शेवटी फॉर्मच्या पाठीवर लिहून काढलं. तर आजोबांचा चष्मा वॉर्डात राहिलेला. चष्मा येईपर्यंत सगळे हात बांधून उभे. एकेक ओळ बोट ठेवून वाचली त्यांनी, मग सही ठोकली आणि म्हणाले, “आता कसं! फाडा पोट.”

आजोबा मला आवडले, खोटं कशाला बोलू. पण त्या पाऊण तासात वॉर्डात रेश्मा एकटी. परत आले तर तिनं नुसती पाण्याची बाटली पुढं केली. पोरगी खानापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. कामाला वाघ. पण ३१ला तिच्याही कंत्राटाची मुदत संपते, म्हणून हल्ली पटकन तोंड उघडत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

फोनची यादी. रोज पाच नावं. तिसरं नाव वाचून बरं वाटलं, बारा दिवस मी सांभाळलेली बाई. नवऱ्यानं उचलला.

“ती ऐतवारी गेली.”

फोन ठेवणार होते, तर तेच म्हणाले, “कशापायी फोन केलतासा?”

खरं ते सांगितलं. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच. म्हणाले, “चांगली हुती की. पाच घाला.”

पाच घातले. कॉम्प्युटरवर हिरवा हसरा चेहरा आला. बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आले. ही योजना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला हा एक फोन करायला बसवायला पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार

आमच्या वॉर्डात एक पद्धत आहे. बाहेर सांगायची नाही अशी. दर दोन तासांनी प्रत्येकीचं बीपी, नाडी, ताप चार्टवर लिहायचं असतं. बाराची फेरी करतानाच दोनचा रकाना अंदाजानं पेन्सिलीत भरून ठेवायचा. दोनला खरं मोजायचं आणि वरून पेन फिरवायचं. फरक पडला तर रबर. मी ही पद्धत माझ्या वेळच्या मोठ्या सिस्टरांकडून उचलली. रेश्माला शिकवली ती मीच. पेन्सिल आहे तोवर ते खोटं नाही, असं आम्ही आपलं मानतो.

आज बाराला बघते तर रेश्मा दोनचा रकाना थेट पेननं भरतेय. बोलणार होते. मग स्वतःच्या हाताकडं बघितलं. पेनच होतं.

दोनला कोण असणार वॉर्डात? मी वर भाषा सांगायला, ही तळघरात चादरी मोजायला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सुट्टी नाही. डबा न्यायला विसरले. हे म्हणाले, “तीळगूळ तरी ने.” तोही विसरले.

पण तीळगूळ मिळाला. नऊ नंबरच्या पार्वतीआक्कांनी दिला. हिंडलग्याच्या, सत्तरीच्या आहेत. हृदय कमजोर, पायावर सूज, दम लागतो. पाण्याची गोळी चालू, त्यामुळं सारखं लघवीला उठावं लागतं, आणि उठायचं तर कुणीतरी धरायला हवं. आया होत्या तेव्हा प्रश्न नव्हता. आता हाक मारतात, “सिस्टरबाय, येतीस का गं?” मी “आले आक्का” म्हणते आणि दहा मिनिटांनी जाते. कधी त्याहून उशिरा. सून सुनीता गावातल्या कापडदुकानात कामाला, ती जेवणाच्या सुट्टीत येऊन जाते.

तीळगूळ हातावर ठेवून म्हणाल्या, “किती पळतीस गं. जरा बस की.” दोन मिनिटं खाटेच्या कडेला टेकले. लगेच फोन.

१६ जानेवारी, गुरुवार

पार्वतीआक्का पडल्या. दीडच्या सुमाराला. हाका मारून मारून शेवटी एकट्याच संडासाकडं निघाल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. मी वर थिएटरमध्ये होते. रेश्मा सव्वीस नंबरला सलाइन लावत होती, हात गुंतलेले. सुनीता आली तेव्हा तिला सासू जमिनीवर दिसली.

आज आणखी लिहवत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

लिहायलाच पाहिजे.

नव्या नियमानं वॉर्डाचे दोन भाग. एक ते चौदा खाटा रेश्माच्या, पुढच्या माझ्या. काल साडेअकराला मॅडमनी रेश्माला चादरींना पाठवलं, ती एकला परत आली. बाराची फेरी मी दोन्ही बाजूंची केली. बाराचं खरंखुरं मोजलं, त्यात खोट नाही. दोनचंही तेव्हाच भरून टाकलं, पेननं, सगळ्या खाटांचं. नऊ नंबरला लिहिलं: नाडी ८४, झोपल्या आहेत. आणि खाली सहीच्या जागी ‘आर’ लिहिलं. रेश्माचा आर. दुसरीच्या खाटेवर आपली सही दिसली की लगेच खुलासा मागतात, म्हणून.

म्हणजे कागदोपत्री काल दोन वाजता पार्वतीआक्का शांत झोपल्या होत्या आणि त्यांची नाडी चौऱ्याऐंशी होती. प्रत्यक्षात दोन वाजता त्या एक्स-रेच्या टेबलावर ओरडत होत्या.

मेमो रेश्माला आला. ‘खोटी नोंद.’ पाच दिवसांत उत्तर.

मॅडमनी मलाही विचारलं, “तुम्ही कुठं होता?” मी म्हटलं, “थिएटरमध्ये, भाषा सांगायला.” खरं आहे. तेवढंच खरं सांगितलं आणि गप्प बसले. एकवीस वर्षं. लाज वाटली पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार

निपाणीला आईकडं. हायवेवर बसमध्ये सगळा वेळ मनात माझा जबाब जुळवत होते. मी काय लिहीन, कसं लिहीन. प्रत्येक वेळी शेवटी मीच सुटत होते.

आईनं तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काम केलं. अजून खोकते. तिला सगळं सांगितलं. चादरी, फोन, भाषा, दोघीच. निम्म्यातच तिनं थांबवलं.

“ते समदं झालं. त्या पोरीचं काय?”

“चौकशी आहे तिची.”

“आणि तुझी?”

माझा भाऊ अण्णा मधे पडला. “आई, तिची कायमची नोकरी हाय. उगं...” आईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाकरी थापत राहिली. जेवताना माझ्या ताटात वाढलं, पण परत तो विषय काढला नाही. मला राग आला. कुणावर ते नीट सांगता येत नाही.

२० जानेवारी, सोमवार

आक्कांचा पाय वजन लावून ताणून ठेवलाय. हृदय असं असल्यामुळं भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनला इतक्यात हो म्हणत नाहीत. मला बघून हसल्या. “सिस्टरबाय, तू काय लई मनाला लावून घिऊ नगो.” मी चादर नीट करायचं निमित्त करून तोंड वळवलं.

दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. चहा होता. ह्या बाई पूर्वी उत्तम सिस्टर होत्या, हे विसरायला होतं. म्हणाल्या, “नोड्री सिस्टर, बघा, मी काय आंधळी नाही. मीपण पेन्सिलीनं लिहीत होते. पण आत्ता विषय पेन्सिलीचा नाही. वरून सांगितलंय, माणसं कमी होती असं कुणाच्याही जबाबात येता कामा नये. रेश्माचा रकाना, रेश्माचा विषय. तुम्ही चार वर्षांत रिटायर होणार.”

“आणि ती?”

“ती लहान आहे. दुसरीकडं लागेल.”

चहा पिऊन आले. प्यायला नको होता.

घरी ह्यांना सांगितलं. शाळामास्तर माणूस, मुलांना रोज खरं बोला म्हणून शिकवणारा. म्हणाले, “चार वर्षंच राहिलीत तुझी.” भाजीची पिशवी उचलून बाहेर गेले. शेजारच्या यंत्रमागाची खडखड एरवी ऐकूही येत नाही. आज डोक्यात घुसली.

२२ जानेवारी, बुधवार

रेश्मानं मेमोला उत्तर दिलं. दोन ओळी. “त्या वेळी मी सव्वीस नंबरला होते. नोंदीबद्दल मला काही सांगायचं नाही.”

औषधाच्या खोलीत गाठलं तिला. “माझं नाव का नाही लिहिलंस?”

ती इंजेक्शनं मोजत राहिली. मोजून झाल्यावर म्हणाली, “मी सांगितलो तर ती चुगली हुतीया आक्का. तुमी सांगितला तर ते खरं हुतंय.”

“आणि मी नाही सांगितलं तर?”

“मग न्हाय.” ट्रे उचलून गेली. मला आक्का म्हणते ती, पहिल्या दिवसापासून. आज त्या हाकेनं आत कुठंतरी ओरखडा उठला.

रात्रीपर्यंत जबाब लिहायचा असं ठरवलं. तीन ओळी लिहिल्या. तिन्हीत ‘कामाचा ताण’. फाडून टाकल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

अकरा वाजता चौकशी समिती आक्कांच्या खाटेपाशी. बेंगळुरूहून आलेले नवे साहेब, ते केरळचे डॉक्टर, आणि मॅडम. पेशंटचा जबाब घ्यायचा होता. आक्कांना कन्नड येत नाही, साहेबांना मराठी येत नाही. मॅडमना मराठी येतं, पण त्या समितीत. फॉर्मवर ‘भाषांतर करणाऱ्याची सही’ अशी एक ओळ आहे, आणि सहा तारखेपासून ती सही ह्या इस्पितळात माझी. रेश्माचीच चौकशी, म्हणून तिला चालत नाही. बोलवा कांबळे सिस्टरला.

कुणाच्याच डोक्यात आलं नाही की मला बोलवू नये. का येईल? मी कुठं काय सांगितलं होतं.

रेश्मा पायाशी उभी. सुनीता सुट्टी काढून आलेली.

साहेबांनी विचारलं, मी मराठीत केलं: त्या दिवशी दोनचं मोजायला सिस्टर तुमच्याकडं आली होती का?

“कोण कशाला येतंय दोनला? ह्या पोरीचा काय दोस न्हाय. ती तिकडं गुतलीती.” एवढं मी कन्नडमध्ये सांगितलं. तोंडातून सरळ निघालं, बरंही वाटलं. साहेबांनी लिहिलं.

आक्का थांबल्या नाहीत. माझा हात धरला आणि साहेबांना कौतुकानं सांगायला लागल्या. “ह्या सिस्टरबायला इचारा. बाराला आलती, समदं मोजली, मग परत लिवाय लागली. मी इचारलो, आता गं काय लिवतीस? म्हणली, दोनचं लिवतो आक्का, मग येळ गावत न्हाय. बिचारी! दोघी दोघी कुठं कुठं पुरणार?”

हे मी सोळाला इथं लिहिलं नव्हतं. सतरालाही नाही. आक्कांनी विचारलेलं आणि मी हसून दिलेलं उत्तर, दोन्ही मला लख्ख आठवत होतं. पण माझ्या स्वतःच्या वहीतसुद्धा ते उतरवायचं धाडस झालं नव्हतं.

साहेब पेन धरून थांबले. “एनु हेळतारे?” काय म्हणतायत?

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, शब्द न् शब्द. त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. रेश्मा माझ्याकडं बघतच नव्हती, जमिनीकडं बघत होती. मी “कामाचं कौतुक करतायत” म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं. वाक्य जिभेवर तयार होतं, हे इथं लिहून ठेवते.

शब्दाला शब्द सांगितलं. बाराला आली, मोजलं, मग दोनचं लिहिलं, वेळ मिळत नाही म्हणाली. दोघी कुठं कुठं पुरणार, हेही.

“याव सिस्टर?” कुठली सिस्टर?

“नानू,” म्हटलं. मी. “खालची सहीपण मीच केली. तिच्या नावाची.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी मला परत एकदा विचारलं, मी परत एकदा सांगितलं. मग फॉर्म माझ्यापुढं केला, भाषांतर करणाऱ्याची सही. केली.

आक्का घाबरल्या. “काय झालं गं? माज्याकडनं काय चुकीचं बोललं गेलं व्हय?”

“न्हाय आक्का,” म्हटलं. “अगदी बरोबर बोललासा.”

२४ जानेवारी, शुक्रवार

पत्र मिळालं. पुढची सूचना येईपर्यंत कामावर येऊ नये. जबाबात मी वॉर्डात किती जणी होतो, कोण कुठल्या कामाला गेलं होतं, सगळं लिहून दिलंय. ते फाइलला लागलंय की नाही ते मॅडमच जाणोत. पत्र देताना त्या म्हणाल्या, “इतकं सगळं कन्नडमध्ये सांगायची काय गरज होती?” वीस दिवस ह्याच कामाला मला पळवत होत्या.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं आता बोलणार. म्हणाले, “चहा टाकू?” त्यांनी केलेला चहा कडू होतो. प्यायले.

हलकं वगैरे काही वाटत नाही. बाई पडली ती पडलीच. मी खरं बोलले म्हणून तिचा खुबा जुळत नाही. आणि चीड म्हणाल तर अजून तेवढीच आहे. माझी चूक माझी, पण ती करायला वेळापत्रक कुणी आखून दिलं, ते कुठल्याच चौकशीत येत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

दिवसभर घरात. भांडी घासली, परत घासली. बारा वाजले, दोन वाजले, कळत होतं.

संध्याकाळी रेश्माचा फोन. मला वाटलं होतं, तिचा मेमो तरी मागं घेतला असेल.

“तसं काय लिवून दिलं न्हाय आक्का. नुसतं तोंडी सांगितलं, सोमवारपास्नं यिऊ नगोस. एकतीसचं काय ते मागनं कळवतो म्हणले.”

“म्हणजे काढलं का ठेवलं?”

“काय की. तुमी बोललासा त्ये बरं केलासा. मला बरं वाटलं.”

मग तिनं पुढच्या आठवड्याच्या ड्युटीचा कागद फोटो काढून पाठवला. मोठा करून बघितला. आमच्या वॉर्डापुढं सकाळच्या पाळीला एकच नाव आहे, लहान मुलांच्या वॉर्डातली नवी पोरगी. अठ्ठावीस खाटा तशाच.

रेश्माला परत फोन लावला. पार्वतीआक्कांच्या पाठीला परवा पडून राहून आलेला लाल चट्टा दिसला होता, तो कसा आहे विचारलं. म्हणाली, वाढलाय. दर दोन तासांनी कुशीवर करायला सांगितलंय डॉक्टरांनी.

पायाला वजन लावलेल्या माणसाला कुशीवर करायला दोघी लागतात. एकीनं पाय धरायचा, दुसरीनं पाठ.